भावोजींच्या नावाचा आजार

आमच्या ह्यांनी अंधेरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं काम केलं, आणि कागदोपत्री एक दिवससुद्धा केलं नाही. तुम्हाला वाटेल, म्हातारी कोडं घालतेय. कोडंबिडं काही नाही. आमच्या कोकणातल्या माणसांत तेव्हा ही अगदी साधी रीत होती. तिच्यापायी मी सत्तरी ओलांडल्यावर वकिलाच्या दारात जाऊन बसले, ते सांगते.

नोकरी मुळात भावोजींची. भावोजी म्हणजे ह्यांचे थोरले चुलत भाऊ. गावच्याच एका मुकादमाच्या ओळखीने त्यांना कारखान्यात कायमची जागा मिळाली, फोटो लावलेलं कार्ड मिळालं. तीन आठवडे कामावर गेले आणि शिमगा आला. साहेब निघाले गावी. जाताना ह्यांना म्हणाले, "मी येईपर्यंत माझ्या जागेवर जा. जागा जाता कामा नये." भावोजी अजून यायचेत.

हे तेव्हा एकोणीस वर्षांचे. दोघांचं आडनाव एक, घराण्याचं नाक एक, आणि कार्डावरचा फोटो धुळीने असा पांढरा झालेला की त्याच्यावर मीसुद्धा चालले असते. मुकादमाला माहीत, शेजारच्या मशीनवाल्यांना माहीत. सगळे ह्यांना भावोजींच्याच नावाने हाक मारायचे. लग्नानंतर हे डबा विसरले की मी जोगेश्वरीहून चालत गेटवर जायची. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही असं आईने शिकवलेलं, म्हणून मी खुशाल थोरल्या दिराचं नाव वॉचमनला सांगायची, आणि तो आतून माझ्या नवऱ्याला घेऊन यायचा. इतकं सुरळीत चाललेलं सगळं.

कारखान्यात ॲसबेस्टॉसचं सूत काढायचे आणि त्याचं कापड विणायचे. दगडातून निघणारा धागा तो, आगीत टाकला तरी जळत नाही. कामगार त्याला कापूस म्हणायचे. इतकं मऊ नाव असल्यावर भीती वाटणार कशी? हे घरी यायचे तेव्हा भुवया, मिशी, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. मी म्हणायची, "आलं माझं म्हातारं." वय वर्षं पंचवीस.

कंपनी फार काळजीवाहू हं. दर वर्षी छातीचा फोटो काढायची. फोटोत काय दिसलं ते तेवढं सांगायची नाही. विचारलं तर कंपनीचा डॉक्टर म्हणायचा, "काही असलं तर सांगू." सव्वीस वर्षं काही नव्हतंच, कारण सांगितलंच नाही. मग कारखाना बंद पडला. आता त्या जागेवर टॉवर उभा आहे आणि त्याच्या जाहिरातीत लिहिलंय, इथे मोकळा श्वास घ्या. घ्या बापडे.

ह्यांना दम लागायला लागला तो दोनेक वर्षांपूर्वी. आम्ही आता चारकोपला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. आधी हे जिन्यात एकदा थांबायचे, मग दोनदा. मग खालच्या बाकावरच बसून राहायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "पेपर वाचतोय." हातात पेपर नसायचा. शेवटी हॉस्पिटलात नेलं तर छातीत पाणी झालेलं. पाणी काढलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि डॉक्टरने विचारलं, "काका, ॲसबेस्टॉसमध्ये काम केलंय का कधी?"

हे चक्क खूश झाले हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी कामाबद्दल विचारत होतं.

फुप्फुसावरच्या पातळ आवरणाचा कॅन्सर, असं डॉक्टरने समजावलं. ती धूळ छातीत शिरते, कित्येक वर्षं गप्प बसते आणि मग एक दिवस उठते. किती दिवस उरलेत तेही त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. ह्यांना ते दारातून ऐकू आलं, पण ऐकलं नाही असं दाखवायचं आमच्यात न बोलता ठरलं.

आजारापेक्षा ह्यांना लागलं ते दुसरंच. भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेऊन पहिला प्रश्न विचारायचा, "किती ओढायचे हो?" ह्यांनी जन्मात बिडीला हात लावला नाही. पण कॅन्सर म्हटलं की लोक आधी तुमची चूक शोधतात, मग बिस्किट घेतात. हे मला म्हणाले, "हे कामाने झालंय एवढं कोणी तरी लिहून द्यायला पाहिजे गं. बाकी काय नको."

कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याने सांगितलं, घाटकोपरला एका हॉलमध्ये दर रविवारी वकील बसतात आणि असल्या आजाऱ्यांच्या केसेस फुकट चालवतात. कामामुळेच आजार झाला असं डॉक्टरांच्या बोर्डाने मान्य केलं, की कामगारांच्या विम्याच्या ऑफिसातून तसा कागद मिळतो आणि औषधपाण्याची सोय होते. आम्ही गेलो. वकील म्हणजे आमच्या नातीच्या वयाची पोरगी, पायात स्पोर्टचे बूट. तिने आमचे कागद एकेक करून लावले. मग परत लावले.

"आजी, कारखान्यात काम कोणी केलं?"

"ह्यांनी."

"आणि कागदावर?"

"भावोजींनी."

"आणि आजार?"

"तो ह्यांनाच. त्याला कोणी चुकीचं कार्ड दाखवलं नाही ना."

पोरगी हसली नाही. पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं. मग विचारलं, "कामाचे कपडे कोण धुवायचं?" मी म्हटलं, मी, आणखी कोण, शेजारीण? तर तिने माझ्याही छातीचा फोटो काढायला लावला. छाती स्वच्छ निघाली. माझं तोंड जन्मभर इतकं चालू राहिलंय की धुळीला आत शिरायला सवडच मिळाली नसेल.

तिने अर्ज केला. त्यात दोन्ही नावं लिहिली, सगळी हकिकत खरीखुरी लिहिली. उत्तरं दोन आली. कंपनीचं ऑफिस अजून कुठे तरी शिल्लक आहे म्हणे. त्यांनी ह्यांच्याबद्दल कळवलं की या नावाचा इसम आमच्याकडे कधीच नोकरीस नव्हता. आणि विम्याच्या ऑफिसने भावोजींच्या नावे पत्र धाडलं की आपण आजारी असल्याचे समजते, तरी छाती तपासून घेण्यासाठी बोर्डासमोर हजर राहावे. म्हणजे ज्याला कॅन्सर झाला तो कामगार नाही, आणि ज्याला नाही झाला त्याला आमंत्रण.

पोरीने घरी येऊन विचारलं, जुनं आणखी काही आहे का. तेव्हा ह्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली आणि तळातून एक एक्स-रेची काळी फिल्म काढली. कारखान्यातला दवाखाना बंद होताना त्या सगळ्या भंगारात चाललेल्या. हे आपली घेऊन आलेले. "माझा फोटो आहे. टाकायचा कसा?" असं म्हणाले. ह्यांचा त्या कारखान्यातला दुसरा फोटोच नाही कुठे. फिल्मच्या कोपऱ्यात भावोजींचं नाव आणि कारखान्यातला तिकीट नंबर. पोरीने ती खिडकीला लावली, आणि डाव्या खांद्याजवळ तिचं बोट थांबलं. तिथलं हाड वाकडं जुळलेलं दिसत होतं.

"हे कधी मोडलं, आजोबा?"

"अकरा वर्षांचा होतो. जांभळीवरून पडलो."

नाव खोटं, हाड खरं. पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे चहा प्यायली. म्हणाली, आता दुसऱ्या आजोबांच्या खांद्याचाही फोटो लागेल, आणि त्यांनी स्वतः येऊन सांगायला हवं की तो कामगार मी नव्हे.

मी गावी फोन लावला. "भावोजी, एक दिवस येऊन जा."

"माका तुरुंगात टाकतले गो. माझा कार्ड दुसऱ्याक दिलंय म्हणान."

"अहो, पन्नास वर्षं होऊन गेली."

"सरकार काय इसरता?"

तुरुंगाचं निमित्त. खरी गोष्ट मला ठाऊक होती. गावात भावोजी म्हणजे मुंबईतून निवृत्त झालेले कामगार. दर एक मेला शाळेत झेंडावंदन झालं की त्यांचं भाषण असतं. तीन आठवड्यांच्या अनुभवावर सव्वीस वर्षांचं भाषण करतात, आणि चांगलं करतात, मी ऐकलंय. आता ह्या वयात मुंबईला येऊन "मी तिथे नव्हतोच" म्हणायचं, तर मग गावात राहायचं काय त्यांचं?

मी म्हटलं, "नका येऊ. मग काय, तुमच्या नावाने कॅन्सर मंजूर होईल. तुम्हाला बोर्डाचं पत्रच आलंय. तालुक्याच्या दवाखान्याला पण कळवणार म्हणे. येतील सुया घेऊन."

शेवटची दोन वाक्यं माझ्या पदरची.

"माका? माका काय झालाहा? मी अजून माडार चढतंय."

"मला माहितेय हो. पण कागदावर तुम्हीच आजारी."

खरं सांगायला न येणारा माणूस, धडधाकट आहे हे सांगायला तिसऱ्या दिवशी हजर झाला. कोकमाची पिशवी घेऊन.

बोर्डाच्या दिवशी पोरीने ह्यांना तीनदा पढवलं, "आजोबा, नाव विचारतील. फक्त स्वतःचं नाव सांगायचं." हे मान डोलवत होते. आत तीन डॉक्टर टेबलामागे बसलेले आणि एक कारकून लिहून घ्यायला. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "नाव?"

हे खुर्चीतून उठले. दम लागत होता तरी ताठ उभे राहिले, आधी तिकीट नंबर सांगितला आणि मग खणखणीत आवाजात भावोजींचं नाव.

पोरीने डोळे मिटून घेतले. मी पदर तोंडाला लावला. सव्वीस वर्षं कारखान्याच्या दारात "नाव" म्हटलं की ते उत्तर द्यायची सवय, ती एका सकाळच्या पढवण्याने जाते होय?

तेवढ्यात मागून भावोजी उठले. "ता माझा नाव. तो मी. मी थंय तीन हप्ते होतंय, मगे पळान गेलंय. काम सगळा ह्येनाच केल्यान." आपलं नाव आपल्यासमोर दुसऱ्याने सांगितलं, त्या रागात सगळं खरं बोलून गेले बिचारे.

मधले डॉक्टर वयाने मोठे होते. ते ह्यांना म्हणाले, "बसा. काम काय करायचात ते सांगा." आणि आमचे हे, जे घरात भाजीत मीठ नाही हेसुद्धा तिसऱ्या दिवशी सांगतात, ते बोलायला लागले. गोणी कशी फोडायची, कापूस मशीनमध्ये कसा सोडायचा, खिडक्या का बंद ठेवायच्या. सूत तुटलं तर बोट जिभेला लावून ओलं करायचं आणि गाठ मारायची.

"तेच बोट जिभेला?" डॉक्टर म्हणाले.

"मग? कोरडी गाठ सुटते, साहेब."

डॉक्टरचं लिहिणं थांबलं. मग त्यांनी जुनी फिल्म, ह्यांचा नवा फोटो आणि भावोजींचा फोटो असे तिन्ही उजेडावर लावून पाहिले. 

दोन महिन्यांनी निकाल आला. आजार कामामुळेच झाला, मान्य. पोरगी पेढे घेऊन धावत जिना चढून आली. ह्यांना तेव्हा नाकात ऑक्सिजनची नळी होती. त्यांनी कागद मागितला, बोट ठेवून वाचला आणि बोट एका जागी थांबलं. नावाच्या ओळीत आधी ह्यांचं नाव, पुढे 'ऊर्फ', आणि पुढे भावोजींचं.

"ह्याचं कशाला?"

"आजोबा, काम झालंय आपलं. ऊर्फने काही बिघडत नाही."

"धूळ त्याने खाल्ली?"

"दुरुस्ती करता येते," पोरगी हळूच म्हणाली, "पण त्याला महिने लागतात."

"लागू देत."

मी म्हटलं, "अहो, कशाला त्या पोरीला आणखी त्रास?"

"मग मरू पण त्याच्याच नावाने?"

पोरीने तिथेच गुडघ्यावर फाइल ठेवून अर्ज लिहिला. ह्यांनी सही केली, स्वतःची. अडीच मिनिटं लागली. आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत बसलो.

अर्जाच्या पहिल्या तारखेला मी एकटीच गेले. टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, "अर्जदार स्वतः लागतात." मी म्हटलं, "आमच्या घरात दुसऱ्याच्या जागेवर जायची पद्धत आहे." त्या हसल्या. मग फाइलमध्ये वर लावलेला मृत्यूचा दाखला त्यांना दिसला. त्यांनी उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि पंखा माझ्याकडे फिरवला. दुसऱ्या तारखेला साहेब रजेवर. तिसऱ्या तारखेला नवा कागद हातात पडला. त्यावर एकच नाव आहे.

चारकोपच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याच्या दहा कॉप्या काढल्या. एक गावी धाडली. आठ दिवसांनी भावोजींचा फोन.

"कागद पोचलो गो. पण माझा नाव खंय दिसना नाय?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही बरे झालात."