डोरीनवहिनींचं नाव

जुने किस्से माळ्यावरच्या सामानासारखे असतात. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. आमच्या खाडीकिनारा ऑर्केस्ट्रातली माणसं आता पांगली, कोणी कामोठ्याला, कोणी करंजाड्याला. पण लग्नाबिग्नात दोघं जरी भेटलो तरी तासभर कोणी जेवायला उठत नाही. आणि सुरुवात कुठूनही होवो, गाडी शेवटी डोरीनवहिनींवर येते. बायको म्हणते, तुम्हाला दुसरा विषय नाही का? नाही!

ऐंशीच्या सुमाराला आम्ही वाशीत आलो, तेव्हा सेक्टरात बिल्डिंगा कमी आणि रिकामे प्लॉट जास्त. संध्याकाळी करायचं काय, म्हणून ऑर्केस्ट्रा काढला. भालेराव मास्तर मराठवाड्यातून आलेले, गावाकडे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ते आमचे लीडर. ढोलकीला तुर्भे गावातला मोरू पाटील. मी बोंगो बडवायचो आणि निवेदन करायचो. गाणारी बाई मात्र मिळत नव्हती.

* * *

माझ्या खालच्या मजल्यावर सुधाकर राहायचा. इंजिनियर, कंपनीने ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवलेला, तिथल्याच डोरीनशी लग्न करून आलेला. एकदा जिन्यात म्हणाला, आमची मिसेस गाते, ऐकून तर बघा.

आम्ही तिघं त्याच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. मास्तरांनी विचारलं, काय गातात? सुधाकर म्हणाला, डिस्को. मास्तरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पट्टी विचारली, काळी चार की काळी पाच? वहिनींना त्यातलं काही कळलं नाही. उंचीने बुटक्या, दात जरा पुढे, अंगात सुती गाऊन, हाताला कणीक. हात पुसून त्या तशाच उभ्या राहिल्या आणि माइकशिवाय गायल्या.

अर्ध्या मिनिटात दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे साठे होते. म्हणाले, "सुधाकरराव, रेडिओ जरा बारीक करा, मुलांची परीक्षा आहे."

मास्तर तिथेच म्हणाले, बाई पक्क्या.

* * *

प्रॅक्टिसला जागा मिळाली ती कांदा-बटाटा मार्केटातल्या एका गाळ्यात. मास्तरांच्या ओळखीचे शेठ रविवारी किल्ली द्यायचे. चारही बाजूंना गोणी आणि मधे आम्ही. पहिल्याच दिवशी वहिनींनी एक संथ गाणं म्हटलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आम्हीही रडत होतो. मोरू तर ढोलकी सोडून रुमाल शोधत होता. मला वाटलं, काय ताकद आहे गाण्यात! पुढच्या रविवारी साध्या तालाला पण तेच झालं, तेव्हा कळलं की ती ताकद कांद्याची होती.

मग एका रविवारी माल संपला होता. गाळा झाडून स्वच्छ, एक साल नाही. वहिनी गायल्या आणि त्यांच्या डोळ्यांना पुन्हा पाणी आलं. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

त्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक रेकॉर्ड काढली. कव्हरवर चंदेरी बूट घातलेली एक उंच, काळ्या केसांची मुलगी. आवाज माझा आहे, त्या म्हणाल्या, फोटो नाही. थोडं मराठीत, थोडं इंग्लिशमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. वडील कापडाच्या गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा सोळाव्या वर्षी त्या कामगारांच्या क्लबात गायला लागल्या. तिथून लंडनच्या स्टुडिओत. मग ही डिस्कोची रेकॉर्ड. ती धो धो खपली. पण कंपनीला त्यांचं रूप टीव्हीवर नको होतं. टीव्हीवर त्या दुसरीने नुसते ओठ हलवले. कव्हरवर नाव पण तिचंच.

मास्तर म्हणाले, त्यात काय, आमच्या सिनेमात कुठली नटी स्वतः गाते? पण रेडिओवर गाणं लागलं की आधी गाणारीचं नाव सांगतात.

वहिनींनी दोनदा विचारलं, "खरंच सांगतात? गाणारीचं?"

* * *

इथे माझी लाज आहे, ती सांगून टाकतो. सेक्टरच्या गणपतीत आमचा पहिला मोठा प्रोग्राम होता. मी ठरवलं की वहिनींचं नाव असं पुकारायचं की खाडीपलीकडे ऐकू गेलं पाहिजे. रात्र रात्र घासून निवेदन लिहिलं. ‘लंडनच्या सुप्रसिद्ध डिस्को गायिका, डोरीन!’

प्रोग्रामच्या दिवशी मंडळाचे सेक्रेटरी तो कागद आणि रेकॉर्ड घेऊन माझ्यासमोर बसले. पोस्टातून रिटायर झालेला माणूस, सही जुळल्याशिवाय पार्सल न देणारा. एकदा कव्हरकडे बघितलं, एकदा मंडपात साडीच्या निऱ्या सावरत असलेल्या वहिनींकडे. म्हणाले, फोटो जुळत नाही, नाव जुळत नाही, उद्या कोणी विचारलं तर मी काय दाखवू? आणि लाल पेनने माझी ओळ खोडली.

मी वाद घालायला पाहिजे होता. नाही घातला. स्टेजवर जाऊन वाचलं, ‘आता गीत सादर करतील सुधाकररावांच्या मिसेस.’ वहिनी झकास गायल्या. पब्लिकने शिट्ट्या वाजवल्या, वन्समोअर झाला. खाली उतरल्यावर मला म्हणाल्या, छान बोललात भावजी.

* * *

संक्रांतीला सोसायटीत हळदीकुंकू झालं. ही हकिगत माझ्या बायकोने सांगितलेली. वहिनींच्या सासूबाई रत्नागिरीच्या. त्यांनी आठवडाभर सुनेकडून उखाणा घोकून घेतला होता. वहिनींनी तो न चुकता म्हटला, सुधाकरचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. मग त्या सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "आता त्याने माझं नाव कधी घ्यायचं?"

बायका हसल्या, सासूबाई नाही हसल्या. घरी येऊन मुलाला म्हणाल्या, बस आणि जुळव. मशिनची ड्रॉइंगं काढणारा माणूस दोन दिवस वही घेऊन बसला. शेवटी सगळ्यांसमोर म्हणाला, ‘फॅक्टरीत चालते माझी मशीन, घरात गाणं म्हणते माझी डोरीन.’

सासूबाईंनी निकाल दिला, यमक बरं आहे, पण हिच्यासारखा सूर नाही तुला.

* * *

वैशाखात मोरूच्या बहिणीचं लग्न निघालं. आगरी लग्न म्हणजे धवलारीण आलीच. भटजींच्या बरोबरीचा मान असलेली ही बाई प्रत्येक विधीला धवला गाते, म्हणजे लग्नाचं गाणं. त्यात नवरानवरीची, आईबापांची, मामाआत्यांची नावं ओवत जाते आणि भोवतीच्या बायका तिची ओळ मागून म्हणतात. सुरू झालेला धवला मधे थांबवायचा नाही, अपशकुन समजतात. मोरूकडची धवलारीण त्याची आत्या हिराबाय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण तोंडपाठ शेकडो ओळी.

मोरूने हौसेने वहिनींची रेकॉर्ड मागून नेली होती. स्पीकरवाल्याने सकाळपासून तीच लावली आणि कव्हर मंडपाच्या खांबाला टांगलं. मोरूने गावभर सांगितलं होतं की ही गाणारी लग्नाला येणार. त्यामुळे पोरंटोरं चंदेरी बुटांची वाट बघत उभी. दुपारी आम्ही पोचलो. वहिनी साध्या वॉयलच्या साडीत, उन्हाने लाल झालेल्या. लोकांनी कव्हर बघितलं, वहिनी बघितल्या. एक बाई सरळ म्हणाली, "ही ती नाय."

वहिनींना तेवढं मराठी कळत होतं. आत जाऊन बायकांच्या शेवटच्या रांगेत बसल्या. मी दारात उभा होतो. याही वेळेला मी गप्प.

नवरीला हळद लागत होती. स्पीकर बंद केला आणि हिराबायने धवला धरला. ती एक ओळ म्हणायची, मग सगळ्या बायका. वहिनींना शब्द येत नव्हते. चौथ्या-पाचव्या ओळीला त्यांनी नुसता सूर मिळवला, हळूच, तोंड जवळजवळ बंद ठेवून.

हिराबाय थांबली.

हळद लावणारे हात जागच्या जागी राहिले. नवरीची आई घाबरून मोरूकडे बघायला लागली. हिराबायने मान वळवली, रांगेच्या टोकाकडे हात लांब केला आणि म्हणाली, "सकालपासून भोंग्यान गाते ती बाय हीच हाय. हिचं नाव काय?"

वहिनींनी स्वतःच सांगितलं, "डोरीन."

हिराबायने ते नाव एकदा तोंडात घोळवून बघितलं. मग थांबली होती तिथूनच धवला उचलला. नवरीच्या आईचं नाव झालं, मामीचं झालं, आणि पुढच्या ओळीत डोरीनचं आलं. ओळ संपल्यावर सगळ्या बायकांनी ती मागून म्हटली.