हाताने केलेली दुरुस्ती

माझा धाकटा भाऊ हुशार, पण हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही. एका बस कंपनीत तो संगणकाचे प्रोग्राम लिहितो.

तिथे तिकीटवाल्यांची एक फाइल, सामानवाल्यांची दुसरी. कोणती माहिती कशी द्यायची-घ्यायची ते त्यांत लिहिलेलं, आणि त्यावरून यंत्र आपोआप कोड तयार करतं. दोघांनीही 'प्रवासी' हेच नाव वापरलेलं, आपल्या विभागाचं आडनाव मात्र कुणीच लावलं नाही. दोन्ही कोड एकत्र आले की यंत्र अडून बसायचं, यातला कुठला प्रवासी? मग हा तयार कोडमध्ये शिरून हाताने नावं बदलायचा. आणि कुणी फाइलीत जरा काही बदललं, की सगळा कोड नव्याने तयार! याची मेहनत पाण्यात.

"फाइलीतच आडनावाची एक ओळ घातली की मिटेल, ताई," तोच म्हणायचा. "पण ती फाइल सामानवाल्या बाईंची. भर बैठकीत हसल्या होत्या मला. त्यांची मनधरणी करायला माझं काय अडलंय?"

अडलं होतं ना! आई माझ्याकडे अंथरुणाला खिळलेली. हा यायचा, बूट काढतो न काढतो तोच फोन. "कोड मोडलाय, दुसऱ्या कुणाला जमणार नाही," म्हणत आल्या पावली परत. आई मलाच समजवायची, "जाऊ दे गं, कामाचा माणूस आहे." शेवटच्या खेपेला मात्र तिने त्याची बाही धरली. "आजचा दिवस राहा रे." त्याने हळूच बाही सोडवली. "उद्या येतोच, आई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मी फोनवर फोन करत होते आणि हा फोन उपडा ठेवून नावं बदलत बसला होता.

तेराव्यानंतर तो त्या बाईंकडे गेला. "एवढंच ना? आधी का नाही बोललात?" म्हणाल्या आणि समोरचा चहा निवायच्या आत ओळ घालून मोकळ्या झाल्या. हे त्यानेच मला सांगितलं, भिंतीकडे बघत. माझा राग गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण त्याचं उतरलेलं तोंड बघवेना.

परवा आला. आईच्या खोलीत बॅग ठेवली, बूट काढले. फोन काही वाजला नाही.

"ताई, आता हवे तितके दिवस राहता येतं मला," म्हणाला.

मी त्याचं पान वाढलं.