चेंबरला हात लावणार नाही

"चेंबर मोठं कर," फ्रँक म्हणाला. "आजच. क्लबवाले माझ्या दुकानाला हसताहेत."

"नाही करणार," मी म्हणाले.

फ्रँक माझा मालक. न्यू जर्सीत त्याचं बंदुका दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. नव्वदच्या दशकात मी तिथे मशिनिस्ट होते. मी मूळची नागपूरची. आयटीआयमधून टूल अँड डाय मेकरचा कोर्स केला, मग तिकडच्याच एका ऑर्डनन्स फॅक्टरीत इन्स्पेक्शनला काही वर्षं काढली. लग्न होऊन न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला आले. देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर भाजी घेताना ओळखीच्या बायका विचारायच्या, "अय्या, बंदुकीच्या दुकानात? कॅशवर का?" मी सांगायची, "नाही, लेथवर." पुढे कुणी काही विचारत नसे.

लोखंड कातायचं ते यंत्र, लेथ, फ्रँकने मला सहजासहजी दिलं नव्हतं. आधी दुर्बिणी बसवणं, मग साफसफाई, मग काउंटर. सुहासची रायफल हे माझं पहिलं बॅरलचं, म्हणजे बंदुकीच्या नळीचं, काम होतं. ते फसलं तर पुन्हा हातात फडकं, हे फ्रँकने तोंडावर सांगितलं होतं.

सुहास पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. कॉलेजात एनसीसीमध्ये नेम धरायची गोडी लागली, ती इथे ग्रीनकार्ड मिळाल्यावर पुन्हा उफाळून आली. त्याच्याकडे पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती. नेमबाजी क्लबच्या मॅचेसमध्ये तिच्या गोळ्या टार्गेटभर विखुरत. ती नेमकी करून द्यायची, एवढं माझं काम.

ते काम काय असतं, थोडक्यात सांगते. पॉइंट टू-टूला रिमफायर म्हणतात, कारण तिच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा ट्रिगर ओढला की एकच गोळी, पण पुढचं काडतूस रायफल आपलं आपण भरते. गोळी सुटताना रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, मागे ढकलली जाते, ती बोल्टला, म्हणजे मागच्या सरकत्या लोखंडी ठोकळ्याला, रेटा देते. बोल्ट मागे जातो, केस बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवं काडतूस आत सारतो. हा रेटा फार अशक्त असतो. बोल्ट जरा जड सरकला की गाडी अडलीच. मी जाड बॅरल बसवलं, ट्रिगर साफ केला, लाकडी दस्त्यात रायफल न हलेल अशी बसवली. सगळ्यात महत्त्वाचं, चेंबर अगदी मापात कापलं. चेंबर म्हणजे बॅरलचं मागचं तोंड, जिथे काडतूस बसतं. ते सैल असेल तर काडतूस वाकडं बसतं आणि नेम बिघडतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला रेंजवर चालवून बघितली. एकदाही अडली नाही. सुहास खुशीत घेऊन गेला.

नोव्हेंबरच्या मॅचमध्ये तीच रायफल दर दुसऱ्या गोळीला अडली. क्लबच्या मॅचेस बघणारा एड नावाचा माणूस होता. त्याने तीन टेबलं पलीकडून निदान केलं, "चेंबर टाइट आहे. थंडीत आणखी आवळतं." उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. पण फ्रँकने ते वेदवाक्य मानलं.

"थंडीने लोखंड इतकं आवळत नाही," मी म्हणाले. "आणि कापलेलं लोखंड परत लावता येत नाही. आधी दोष सापडू दे."

"मग उघड, साफ कर, बघ."

"साफही नाही करणार."

फॅक्टरीत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की बिघडून आलेला नग पुसायचा नाही. फडक्याबरोबर पुरावाही जातो. मी रायफल तशीच उचलली आणि मागच्या खोलीत वाळूच्या पेटीत चालवून बघितली. सगळं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, गुळगुळीत गेलं. पुन्हा भरलं, पुन्हा गेलं.

"बघितलंस?" मी म्हणाले.

"इथे गरम आहे," फ्रँक म्हणाला. "एड तेच तर म्हणतोय."

गरम होतंच. फ्रँकचे गुडघे दुखायचे म्हणून दुकानात हीटर असा भडकलेला असे की मला नागपूरचा एप्रिल आठवायचा. म्हणजे फरक थंडीचा होता, एवढं एडचं बरोबर. पण थंडीने काय बिघडतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसताना माझ्याच हाताने माझं काम बिघडवायला ते मला सांगत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझं डोकं तापलं.

"शनिवारी रेंजवर जाऊ," मी म्हणाले. "सुहासलाही बोलव, एडलाही. तिथे उघडते. चूक माझी निघाली तर सोमवारी काउंटरवर उभी राहीन, तुला बोलावं लागणार नाही."

"ठरलं," फ्रँक म्हणाला. त्याला ते मनापासून पटलं होतं असं नाही, पण सुटका दिसत होती.

शनिवारी सकाळी गवतावर दव गोठलं होतं. रायफल मी मुद्दाम डिकीत ठेवली होती, गाडीतल्या हीटरची ऊब लागू नये म्हणून. सुहासने नेम धरला. पहिली गोळी गेली. दुसरीला बोल्ट अर्ध्यावर येऊन थांबला, रिकामी केस तोंडात धरून.

"मी काय म्हटलं होतं?" एड म्हणाला. फ्रँकने उसासा सोडला.

मी मॅगझिन काढलं, अडकलेली केस काढली, चेंबर रिकामं असल्याची खात्री केली आणि रायफल तिथेच टेबलावर खोलली. बोल्ट बाहेर आला तो कडेकडेने पांढरा. मेणासारखा थर बसला होता.

"हे कसलं ग्रीस भरलंस?" एडने विचारलं. फ्रँकचाही तोच प्रश्न होता, तोंडावर दिसत होता.

मी थोडं बोटावर घेतलं. बोटाच्या उबेने ते लगेच पातळ झालं. कुठलंही ग्रीस असं वागत नाही. मग त्यात मला लाल कण दिसला. वास घेतला. बंदुकीच्या दारूच्या वासाखाली तो वास होता जो माझ्या आईने मी शाळेत जाईपर्यंत रोज माझ्या टाळूवर थापला होता. खोबरेल तेल! आणि तो लाल कण कुंकवाचा.

मी सुहासकडे बघितलं. तो एकदम पांढरा पडला.

"सुनंदाताई, एक मिनिट इकडे या ना," तो मराठीत म्हणाला. आम्ही बाजूला झालो.

"खंडेनवमी?" मी विचारलं.

"आई आलीय ना पुण्याहून. तिने सगळ्या हत्यारांची पूजा मांडली. माझा ड्रिल, सुऱ्या, लॅपटॉपसुद्धा. रायफलला हळदकुंकू वाहिलं, ते मी वरून पुसून टाकलं. आत तेल सोडलं असेल असं खरंच वाटलं नाही मला."

नियम असा की रिकामी रायफल बोल्ट उघडा ठेवूनच ठेवायची, म्हणजे ती रिकामी आहे हे सगळ्यांना दिसतं. सुहासने नियम पाळला होता. काकूंना समोर उघडं तोंड दिसलं आणि त्यांनी शिलाई मशीनला सोडतात तसं तेल सोडलं. घरात, दुकानात ते पातळ राहिलं. इथे गोठलं.

"ताई, प्लीज," सुहास म्हणाला. "ग्रीस चुकलं म्हणा ना. हे लोक हसतील यार. पुढच्या वर्षी मला क्लबच्या कमिटीवर यायचंय."

"म्हणजे चूक माझी, असं सांगू?"

"एवढं काय त्यात? तुमचं काय जातंय?"

"लेथ जातंय," मी म्हणाले आणि टेबलाकडे परत आले.

खरं सांगते, मला त्याचा भयंकर राग आला होता. त्याची लाज झाकायला माझं काम पुढे करायचं, आणि वर विचारायचं काय जातंय!

मी इंग्लिशमध्ये सरळ सांगितलं. "हे खोबरेल तेल आहे. आमच्याकडे बरेच लोक वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतात. याच्या आईने केली. तेल थंडीत गोठतं, बोल्ट अडतो. माझं चेंबर बरोबर आहे."

एडला हसू आवरेना. "बंदुकीची पूजा? ओह बॉय!"

"एड," मी म्हणाले, "तुझ्या डोक्यावरची ती भोकं पडलेली टोपी तू कधी धूत का नाहीस?"

"लकी आहे ती."

"मग गप्प बस."

फ्रँक खोकला. एडने टोपी जरा सारखी केली. माझ्या घरी पूजा होत नाही, आम्ही बौद्ध. पण एका म्हाताऱ्या बाईने मुलाच्या वस्तूला वाहिलेल्या कुंकवावर त्या टोपीने हसावं, हे मला सोसणारं नव्हतं.

बोल्ट सॉल्व्हंटने धुतला, चेंबरही आतून पुसलं, माझं पातळ तेल नावापुरतं लावलं. सुहासच्या हातात रायफल दिली. त्याच थंडीत सगळं मॅगझिन अडथळ्याशिवाय गेलं. मग आणखी एक. टार्गेट आणलं तेव्हा भोकं एकमेकांत मिसळली होती. एडने ते उजेडाकडे धरून बराच वेळ बघितलं.

"असंच चेंबर माझ्या रायफलला कापून मिळेल?" त्याने फ्रँकला विचारलं.

"तिला विचार," फ्रँक म्हणाला.

मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात सुहास आईला घेऊन दुकानात आला. काकू तणतणतच होत्या. "चार थेंब तर सोडले! माझं शिलाई मशीन कधी अडलं नाही गं." थंडीत तेल गोठतं हे सांगितल्यावर त्यांना पटलं. मग त्यांनी माझं लेथ निरखून बघितलं. त्यावर ना हळद, ना कुंकू.

"तुमच्यात नाही का करत हत्यारांची पूजा?"

"नाही काकू. आमच्यात त्यांच्यावर काम करतात."

सुहासने मान खाली घातली. मी लेथ सुरू केलं, कारण एडचं बॅरल त्याच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, लावलेलं होतं.

या प्रकरणातून मी शिकले ते एवढंच. दोष सापडेपर्यंत काही पुसायचं नाही, आणि दोष दुसऱ्याचा असेल तर आपलं लोखंड कापू द्यायचं नाही.