वजडीची आवड

“हिला कलेजी कशाला देतो? ह्या लोकांना वजडीच आवडती.”

रविवारची सकाळ. बीडमधलं मटणाचं दुकान. बोलणारे आमच्या गावचे अण्णा. गावात जमीन, बीडला बंगला. ते रांगेत कधी उभेच राहत नाहीत. ते आले की रांगच बाजूला सरकते.

मी नुकतंच म्हणाले होते, “चाचा, पावशेर कलेजी द्या.” तेवढीच उरली होती. दुकानवाल्या चाचांनी सुरी उचललीही होती. अण्णांचं ऐकून दोघं-तिघं हसले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं.

आणि मी म्हणाले, “बरं. वजडीच द्या.”

कुणी माझा गळा धरला नव्हता. वजडीची, म्हणजे बकऱ्याच्या पोट-आतड्यांची पिशवी घेऊन मी निमूट निघाले. मी दवाखान्यात नर्स आहे. रक्त कमी असलेल्या बायांना रोज सांगते, कलेजी खा. डॉक्टरांशीही भांडते. अण्णांपुढे मात्र दातखीळ बसली. आजही आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

कलेजी बासाठी हवी होती. माझा बाप माझ्याच खोलीत खाटेवर पडून होता. आजार शेवटाला आलेला. अंगात रक्त नाही, तोंडात दात नाहीत. महिनाभर त्यानं काही मागितलं नव्हतं. शनिवारी म्हणाला, “माय, जराशी कलेजी खावी वाटती.” जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतःसाठी एखादी गोष्ट नाव घेऊन मागितली होती.

बा अण्णांच्या कंदुरीत राबायचा. कंदुरी म्हणजे नवसाचं बकरं आणि गावजेवण. बकरं कापलं की आतडी धुणं, मुंडी-पाय भाजणं हे बाचं काम. कलेजी सगळ्यात आधी शिजायची, ती अण्णा आणि त्यांचे पाहुणे खायचे. आमची पंगत शेवटची, गोठ्यामागं. आमच्या ताटात नुसता रस्सा. घरी निघताना बाच्या डोक्यावर घमेलंभर वजडी.

एकदा आई बाळंत झाली होती. अंगावर दूध येईना. बानं तिच्यासाठी कलेजीचा एक तुकडा मागितला. अण्णा म्हणाले, “कलेजी खाऊन पाटील होतो का बे?” मी बाचं धोतर धरून उभी होते. बा हसला. त्याला हसावंच लागलं. घरी येऊन आम्हा पोरांना म्हणाला, “आपल्याला वजडीच ग्वाड लागती.” आम्ही ते खरं मानलं. मी तर शाळेत पोरींना ऐटीत सांगायचे, आमच्या घरी वजडी लई आवडते.

त्या रविवारी कुकरच्या दहा शिट्ट्या केल्या. तरी वजडी चिवटच राहिली. बानं तुकडा हिरड्यांवर घोळवला, या गालातून त्या गालात नेला आणि शेवटी हातावर काढला.

“कलेजी न्हाई भेटली?”

“संपली होती.”

“दुकानात कोण होतं, माय?”

खोटं बोलता आलं नाही. “अण्णा.”

बानं हातातला तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाला, “मला वजडी कदीच आवडली न्हाई. वास सुदिक सोसत नव्हता. तुमी रडू नये म्हनून म्हनायचो.”

मी पदर खोचून धावत दुकानात गेले. शटर खाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच कलेजी आणली, शिजवली, बोटांनी कुस्करली. तोवर बाच्या घशाखाली पाणीही उतरेना. मंगळवारी तो गेला. मी खाटेला डोकं आपटून रडले. बापाला दोन घास देता आले असते आणि ते मी माझ्याच तोंडानं घालवले. याला क्षमा नाही. मीसुद्धा मला करत नाही.

तेरावा झाला आणि अण्णांचा फोन आला. बा लई इमानी माणूस होता म्हणाले. मग म्हणाले, “शुक्रवारी कंदुरी हाय. तुज्या भावाला धाड. बापाचं काम आता त्याच्याकडं.”



“तो येणार न्हाई.”

“कावून?”

“आमाला वजडी आवडत न्हाई. माझ्या बालाही आवडत नव्हती.”

पलीकडून आईवरून शिवी आली. पूर्ण ऐकली आणि फोन ठेवला.

तेराव्यासाठी आलेला भाऊ समोरच बसला होता. त्याचं घर गावात, मजुरी अण्णांच्याच रानात. म्हणाला, “ताई, गावात राहायचंय मला.”

“राहा. भीती मलाबी वाटती. पण ज्याचं बकरं, त्यानं आतडी धुवावी.”

शुक्रवारी भाऊ गेला नाही. शनिवारी अण्णांनी त्याचं काम बंद केलं. मी आता रजा टाकून गावात आले आहे. वस्तीत घरोघर फिरते आहे. बा काय म्हणाला ते प्रत्येक उंबऱ्यावर सांगते आहे. पुढच्या कंदुरीला आमच्यातला एकही हात त्या घमेल्याला लागू देणार नाही.