एक नख कमी

भावाला बिबट्यानं धरलं त्या सकाळी मी एका वकीलबाईंच्या कोटाची बाही उसवत होते. संभाजीनगरात कोर्टामागच्या गल्लीत माझं दुकान आहे. काळे कोट, गाऊन, पांढरे बँड, एवढंच शिवते; ब्लाउजवाल्यांना शेजारी पाठवते. फोन आईचा होता. आई फोनवर कायम ओरडते, गंगापूरकडच्या आमच्या गावाहून आवाज स्वतःच्या जोरावर इथं पोचवायचा असल्यासारखी. त्या दिवशी हळू बोलली, म्हणून मी हातातलं ब्लेड आधी खाली ठेवलं.

"तुझ्या भावाला वाघानं धरलं व्हतं. जित्ता हाय. गाडीत घालून धाडलाय, त्याची बायको हाय संगं. तू दवाखान्यात जा."

"आणि तू?"

"म्या उद्या येते. पोरगी हाय घरी, म्हशी हायेत."

नात लहान, म्हशींना टाकून निघता येत नाही. मला ते पटलं. शटर ओढलं आणि निघाले.

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. गोदावरीच्या बाजूला ऊस वाढला, तसे हेही वाढले. उसातच राहतात, उसातच पिल्लं घालतात, कुत्री आणि वासरं नेतात. गावानं कितीतरी अर्ज केले होते. 'गोळी घाला' असं ग्रामसभेत एकमतानं ठरलं, तेव्हा वनपालानं सगळ्यांना बसवून सांगितलं, की गोळीचा हुकूम त्याच्या हातात नाही. तो फार वरून येतो, आणि तोही बिबट्या माणसाच्या जिवावर उठलाय, धरता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, हे लेखी दाखवल्यावर. मग पिंजरा आला. आत शेळी बांधली. बिबट्या काही फिरकला नाही. शेळी बसून खाऊन चांगली लठ्ठ झाली, आणि जिची होती ती बाई 'राहू द्या अजून थोडे दिवस' म्हणायला लागली.

पिंजऱ्याकडं न गेलेला बिबट्या भावाकडं आला. भाऊ लागवडीसाठी उसाचं बेणं तोडत होता, वाकलेला. वाकलेला माणूस त्यांना जनावर वाटतो म्हणे. डावा खांदा धरला. उजव्या हातात कोयता होता. वार किती केले, ते भावाला आठवत नाही.

वॉर्डात तो मानेपासून कोपरापर्यंत पट्ट्यांत होता. मला पाहिल्यावर पहिलं वाक्य बोलला, "अक्का, म्या मारला त्याला."

"हात हलतो का?"

"मला आत घालतेत का गं?"

"आधी हात हलवून दाखव."

त्यानं दोन बोटं हलवली. मी डॉक्टरांना गाठलं. हात राहील, पण पहिल्यासारखा वर जाणार नाही, असं ते म्हणाले. ते मी परत येऊन सांगितलं, तर भावानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बिबट्या मारला की जेल, हे आमच्या गावात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. खांद्याचं दुखणं सलाईनमधून औषध देऊन कमी करता येत होतं, ही भीती नाही. त्याची बायको कोपऱ्यात बसून पदराचं टोक चावत होती.

मी बसू शकत नाही अशा वेळी. रात्री घरी जाऊन काजं करायला घेतली आणि सगळी अर्धा बोट खाली केली. सकाळी दुकानात ती उसवत असतानाच वकीलबाई कोट घालून बघायला आल्या. मी त्यांच्या पाठीवर टेप धरून सगळं सांगितलं.

"ताई, जीव वाचवायला मारला असेल तर गुन्हा नाही," त्या म्हणाल्या. "कायद्यातच आहे तसं. फक्त त्या वेळी तो स्वतः कायदा मोडत नसला पाहिजे. फास लावला होता का? कुंपणात करंट सोडला होता?"

"नाही. बेणं तोडत होता. हलू नका."

"मग झालं. पण मेलेला बिबट्या सरकारचा, हे लक्षात ठेवा. कातडं, दात, नखं, मिशीचा केससुद्धा. गावात कुणी काही उचललं नाही ना?"

"फोटो काढले."

"फोटोंचं काही नाही. बाही जरा सैल ठेवा, हात वर केला की ओढते."

वनपालही तेच बोलला. सडपातळ, कायम झोप अपुरी असल्यासारखा माणूस. ग्रामसभेत शिव्या खाऊन पिंजरा आणणारा तोच. त्यानं पलंगाशी बसून भावाचा जबाब लिहून घेतला. शेत फिरून पाहिलं होतं. तार नाही, फास नाही, काही नाही. नुकसानभरपाईचा अर्ज कुठं द्यायचा तेही सांगितलं. तो गेल्यावर भाऊ घोरायला लागला. त्याचं घोरणं ऐकून एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

त्याच दिवशी आई, नात आणि म्हशी शेजारणीवर सोपवून, डबा घेऊन आली आणि वॉर्डच ताब्यात घेतला. शेजारच्या पलंगावरचा पाय मोडलेला बिडकीनचा म्हातारा, त्याची सून, सलाईन बदलणारी सिस्टर, सगळ्यांना तिनं झटापट करून दाखवली, जणू कोयता तिच्याच हातात होता. म्हातारा म्हणाला, "बाई, तुमचा आवाज ऐकूनच पळाला आसंल वाघ." आई खूश.

दुसऱ्या दिवशी वनपाल पुन्हा आला तेव्हा बसला नाही.

"एक नख कमी आहे," तो म्हणाला.

भावानं उशीवरून मान उचलली. "म्हंजे?"

"पुढच्या उजव्या पायाचं. मुळातून कापलंय, कात्रीनं किंवा विळ्यानं. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून तसं लिहून दिलंय. आता वरून विचारणा आली, की हा जीव वाचवायला मारला, का नखांसाठी?"

"साहेब, तुमी माझा खांदा पाह्यला."

"मी खांदा पाहिला. वरच्यांनी कागद पाहिला." त्यानं माझ्याकडं वळून आवाज खाली केला. "कुणी घेतलं ते कळलं तर यांचं प्रकरण सरळ आहे. नाही कळलं तर मला यांच्यावरच लिहावं लागेल."

भावाला खरंच काही ठाऊक नव्हतं. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, आणि त्या वेळी चेहरा नुसता पांढरा पडला होता. आणि एवढा वेळ म्हाताऱ्याशी बोलणारी आई एकदम गप्प झाली होती. तिनं खाटेखालचा डबा उचलला आणि बाहेर गेली. तो डबा तिनं थोड्या वेळापूर्वीच घासून आणला होता.

मी तिच्या मागं गेले. ती नळाखाली स्वच्छ डबा पुन्हा घासत होती.

"कुठाय?"

"काय कुठाय?"

"आई."

तिनं नळ बंद केला. "सोनाराकडं."

"कोणत्या?"

"आपल्याच. येताना गंगापूरला दिलं. चांदीत बसवायला."

गाडी भावाला घेऊन गेली आणि वनखात्याची माणसं अजून यायची होती, तेवढ्या वेळात तिनं हे केलं होतं. पोलीसपाटलानं गर्दी हटवली होती, पण तिला कोण हटवणार?

"पोरगी रातभर दचकती," ती म्हणाली. "त्या वाघाचंच नख गळ्यात आसलं म्हंजे भ्या राहत नाय. तुझ्या गळ्यात नव्हतं का? तुझ्या आज्यानं आनलं व्हतं. तू भ्याली का कव्हा कशाला?"

होतं. माझ्या लहानपणीच्या एकुलत्या एका फोटोत माझ्या गळ्यात ते दिसतं.

"त्या नखापायी तुझ्या पोराला आत घालतील."

"त्यानं माझ्या लेकराचं एवढं मांस तोडलं," तिनं ओली ओंजळ माझ्यासमोर धरली. "म्या एक नख घेतलं. सरकारचं काय गेलं?"

भावाच्या बायकोला 'येतो' एवढंच सांगितलं आणि आईला घेऊन गंगापूरच्या जीपच्या थांब्यावर आले.

जीप भरल्याशिवाय हलेना. ड्रायव्हर दारात उभा राहून हाका मारत होता. "खाला, एक सवारी और. बस, निकल्या समझो." ते 'निकल्या समझो' तीनदा झालं. मी उतरायचे, रस्ता बघायचे, परत बसायचे. शेवटी म्हणाले, "त्या सवारीचं भाडं माझ्याकडून घे, पण हलव आता." त्यानं पान थुंकलं, "पहले बोलना था ना," म्हणाला आणि गाडी काढली. आई खिडकीकडं तोंड करून बसली. वाटेत मी वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, स्वतःहून नेऊन दिलंत तर बरंच. पण आईंवर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे त्यांना आधी सांगा. अंधारात ठेवून नेऊ नका.

सोनारानं आम्हाला दारातच ओळखलं. "कसलं नख?" मी न विचारताच तो म्हणाला.

"कालच दिलं की तुमच्या हातात," आई म्हणाली.

त्यानं रस्त्यावर नजर टाकली, मग खणातून फडक्यात गुंडाळलेलं काढलं. मला वाटलं होतं नुसतं नख असेल. पण काम होऊन बसलं होतं. भोक पाडलेलं, वर चांदीची टोपी, टोपीला कडी. घासूनपुसून चकचकीत. काम सुबक होतं, हे नाकारता येणार नाही.

"चांदी काढून देऊ?" त्यानं विचारलं. "पण नख तडकंल. आन् भोक राहीलच."

"राहू द्या तसंच."

"ताई, मला नका ओढू यात."

"मी स्वतः होऊन नाव घेणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही."

त्यानं नख परत फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. दिवा बंद करून आत गेला.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "गंगेत टाकू. कोनाला कळतंय?"

मीही जीपमध्ये तोच विचार केला होता, खोटं कशाला सांगू. पण गोदावरीत टाकलं तरी नख कमीच राहणार होतं. शेतात सापडलं म्हणावं, तर भोक पाडलेलं नख शेतात कसं सापडेल? कुणी घेतलं ते कळलं नाही तर भाऊ, कळलं तर आई. दोघांतलं एक. मी तिथंच, रसाच्या गाड्याशेजारी उभी राहून तिला हे सगळं सांगितलं, गुन्ह्याचंही.

तिनं पदर कमरेला खोचला.

"त्याची लागवड अडलीया," ती म्हणाली. "माझं काय अडतंय? चल."

वन कार्यालयात वनपालानं कागदावर नख ठेवलं आणि त्याची कडी बोटानं हलवून पाहिली.

"आजी, हे कापायला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? पोराला गाडीत घातलं, गाडी गेली, म्या इळा घेतला. त्याला ठावंच नाय. त्याच्या सुद्धीत तरी व्हता का तो?"

"चांदी कुणी बसवली?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं. तो सोनार आता बाजारात मला पाहिलं की पाठ फिरवतो.

वनपालानं सगळं लिहून वाचून दाखवलं. आईनं अंगठा नाही, सही केली. ती सही करते, सावकाश. मग तो म्हणाला, "आजी, तुम्ही माझं काम सोपं केलं आणि तुमचं अवघड."

"बरं," आई म्हणाली. "पानी हाय का इथं?"

भावावर काही झालं नाही. स्वसंरक्षण, असं कागदावर आलं. आईवर गुन्हा दाखल झाला, जामीन झाला. भावाला हे कळलं तेव्हा तो उठून बसला होता, खांद्याला झोळी.

"माझ्यावर घ्यायचं व्हतं," तो म्हणाला. "आईचं नाव घातलंस तू."

"तुझ्यावर घेतलं असतं तर स्वसंरक्षण राहिलं नसतं. मग नख आणि बिबट्या, दोन्ही तुझ्यावर."

"हिशेब बरा येतो तुला."

येतोच. दुसरं कुणी करणार होतं का? तेव्हापासून तो माझ्याशी तारखेपुरता बोलतो: अमक्या दिवशी ये, कागद आण. गावी गेले तर तो म्हशींकडं निघून जातो. मग मी आईबरोबर भाकरी खाते आणि पहिल्या जीपनं परत येते. रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांत येते. त्या दिवशी तिसरा काही मार्ग होता का, हे शोधत पडते. सापडत नाही, पण शोधणं थांबतही नाही.

मागच्या तारखेला आम्ही तिघं गंगापूरच्या कोर्टात बाकावर बसलो होतो. आई मध्ये. आईची केस वकीलबाईंनीच घेतली होती; त्या माझ्याच हातचा कोट घालून आल्या होत्या. त्यांनी शिपायाला खूण करायला हात वर केला आणि बाही ओढलेली मला दिसली. पुन्हा उसवावी लागणार.

"बाई, एक इचारू?" आई त्यांना म्हणाली. "चांदी परत भेटंल का?"

"आजी, आधी केसचं बघू."

"नख सरकारचं. मान्य हाय मला. चांदी माझी हाय. जोडवी मोडून दिली व्हती."

मी आणि भावानं एकाच वेळी तिच्याकडं पाहिलं. वडील गेल्यावर काढलेली जोडवी तिनं गव्हाच्या डब्यात ठेवली होती, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. डबा रिकामा झालाय, हे कुणालाच नव्हतं.

"गप बस, आई," मी म्हणाले.

"तू गप बस," भाऊ मला म्हणाला. तारखेशिवाय तो माझ्याशी कित्येक महिन्यांत बोललेलं हे पहिलं वाक्य. मग वकीलबाईंकडं वळून म्हणाला, "व्हईल का म्याडम काही?"

"अर्ज देऊन बघता येईल. खात्री नाही."

"मंग द्या की," आई म्हणाली. "आसंबी बसूनच हाय आपन."

वकीलबाईंनी कोरा कागद मागितला. तो माझ्या पिशवीत होता.