जिनिंगमधला ठेका

मी बेस गिटार वाजवते. मलकापुरात हे सांगितलं की प्रश्न ठरलेला असतो, "चारच तारा काऊन?" माझे वडील शाळेत गणित शिकवायचे. त्यांनीही हेच विचारलं होतं, आणि मग स्वतःच प्रत्येक तारेची लांबी मोजायला पट्टी घेऊन बसले होते.

हा नाद लागला तो अकरावीत. घरचा स्पीकर दुरुस्त करून आणायला गेले होते. दुकानातल्या काकांनी तो तपासायला एक गाणं लावलं आणि वरचे आवाज बारीक करत नेले. गायक गेला, व्हायोलिनं गेली. खाली जाड सुरात कुणीतरी एकटंच चालत होतं. मी विचारलं, हे कोण? काका म्हणाले, "हा तं नेहमीच असते. लोकायले आयकू येत नाही."

पुण्यात शिकायला गेले आणि तिथे तिघांचा बँड केला. आम्ही फंक वाजवायचो. पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकदम पाय टाकायचा आणि मग आपापल्या वाटेनं भटकायचं, असं ते संगीत. शब्द मी माझ्या बोलीत लिहिले. एका कार्यक्रमानंतर एका बाईंनी प्रेमानं सुचवलं, "गाणं छान आहे, पण भाषा थोडी शुद्ध केली तर?" मी करून पाहिलं. 'काऊन'च्या जागी 'का' घातलं, तर तालाचा एक पायच लुळा पडला. परत 'काऊन' केलं.

पहिल्या अल्बमसाठी वेगळा आवाज शोधत होते. दिवाळीत घरी आले तेव्हा आमच्या घरामागच्या कापसाच्या जिनिंगचा हंगाम जोरात होता. सरकी वेगळी करणारी यंत्रं एका चालीत धडधडत होती, पण टोकाच्या एका यंत्रातून मधेच 'टप्प' असा आवाज यायचा, दर वेळी जरा उशिरा. मी मालकांची परवानगी काढून माइक घेऊन आत गेले. मशीन सांभाळणारे एक फिटर कानाला रुमाल बांधून उभे होते. मी काय करतेय, हे त्यांनी विचारलंही नाही. कापसाचे उडालेले तंतू नाकात जात होते, तरी मी तासभर रेकॉर्डिंग केलं.

त्या उशिरा येणाऱ्या 'टप्प'वर अख्खं गाणं उभं राहिलं. ते लोकांना आवडलं, बाहेरगावची बोलावणी आली. एका संगीतकारानं तर तो ताल कुठून सुचला म्हणून मला मेलवर दोन पानं लिहिली.

पुढच्या वर्षी मलकापूरच्या एका सभागृहात वाजवलं. निम्मे लोक वडिलांचे विद्यार्थी होते आणि शिस्तीत बसले होते. संपल्यावर ते फिटर पुढे आले. चेहरा गंभीर.

"बाई, त्या गाण्यातलं मशीन बिघडेल हाये."

"म्हणजे?"

"मशीन फिरवते त्या पट्ट्याचा सांधा उकलेल होता. चाकावर आला का आपटे. तुम्ही गेल्या अन् दुसऱ्याच दिवशी म्या तो शिवला."

मला आधी हसू आलं, मग हुरहूर वाटली. तो ठेका आता जगात फक्त माझ्या गाण्यात उरला होता. मी विचारलं, मशीन बिघडलं हे तुम्हाला एवढ्या गोंगाटात कसं कळतं?

"कानानं. कापूस ओला असला का आवाज जड होते. दगड आला का किंचाळते. तुमाले पाह्यजे तं दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगमध्ये गेले. त्यांनी माझा हात एका यंत्राच्या चौकटीवर ठेवला आणि ओला कापूस आत सोडला. आवाजाआधी तळहाताला कळलं. सूर खाली घसरला, अगदी जाड तारेवरून बोट ओढल्यासारखा. मी डोळे मिटून विचारलं, "आता कोरडा टाकता का?"

"थांबा," ते म्हणाले, "आधी हा पुरा आयका."