ओढून पाहणारे आतोबा

सगळ्या बडोद्यात आमच्या आतोबांइतका संशयी आणि तरी इतका गोड माणूस दुसरा झाला नसेल. आत्याचे हे यजमान जन्मभर कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात वायरिंगची कामं करून निवृत्त झाले. पण ओढून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही सवय काही निवृत्त झाली नाही. दांडिया बाजारात पिशवी घेतली की आधी तिचे बंद ओढणार, शर्ट घेतला की बटणं. आतेबहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी भावी जावयाचा हात हातात घेऊन असा खेचला, की बिचारा पाटासकट पुढे आला. "पक्का आहे," आतोबा आत्याला म्हणाले.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी ते आमच्या रोबोच्या वाट्याला आले. दोन वर्षं आमचा रोबो ऐन स्पर्धेत मैदानाच्या मधोमध बंद पडत होता आणि यंदा शेवटची संधी होती. आतोबांनी झाकण उघडलं, आतला गुंता पाहिला आणि चहासुद्धा नको म्हणाले. पीळ घालून चिकटपट्टी गुंडाळलेले आमचे सांधे त्यांनी ओढले, ते सगळे हातात आले. मग आठवडाभर त्यांनी मला आणि माझ्या जोडीदार हेतलला राबवलं. लाल ती लाल, काळी ती काळी. चाकाजवळून वायर न्यायची नाही. वळणावर थोडी सैल सोडायची, तिलाही हलायला जागा लागते. आणि प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी.

या चिठ्ठ्यांनीच घात केला. उजव्या चाकाच्या वायरीवर आतोबांनी 'उ' लिहिलं. हेतलने ती रोबोच्या वरच्या हाताला जोडली. सरावात उजवीकडे वळवायला गेलो, तर रोबो हात वर करून सगळ्यांना आशीर्वाद देऊ लागला.

"काका, उ एटले उपर ने?" हेतल रडवेली झाली. तिच्या गुजरातीत उ म्हणजे उपर, वरचा.

"बेटा, भूल तो लखनारनी," आतोबा म्हणाले, आणि लिहिणाऱ्याने, म्हणजे स्वतः त्यांनी, सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या. उजव्या वायरीवर त्यांनी लाडू काढला. जेवायचा हात कुठला, यावर मराठी-गुजरातीत वाद नव्हता.

स्पर्धेत समोरच्या रोबोने आमच्याला तीनदा दणकून धडक दिली. आतोबा मैदानाकडे पाठ करून उभे होते. आमचा रोबो शेवटच्या शिट्टीपर्यंत चालत राहिला. नंबर तिसरा आला, पण पहिल्यांदाच आम्ही त्याला उचलून नाही, चालवत बाहेर आणलं. हेतल आणि मी वेड्यासारख्या नाचलो.

परीक्षेनंतर रोबो खोलून सुटे भाग पुढच्या वर्गाला द्यायचे होते. मी वायरी कापायला कात्री घेतली. आतोबांनी ती बाजूला ठेवली आणि सगळी दुपार एकेक सांधा हाताने सोडवत बसले.

"चांगलं चाललेलं कापू नये," एवढंच म्हणाले.

हेतल आणि मी त्याच आठवड्यात नोकरीसाठी वेगवेगळ्या गावी जाणार होतो. या माणसाला आमची सवय झाली होती, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. त्यांनी सोडवलेल्या वायरींची वेटोळी करायचं काम माझ्याकडे होतं. ते मी मुद्दाम सावकाश केलं.